पाण्यातल्या वाटेचा देश

बाळांनो, देशांना नावं कशावरून पडतात? कुठे तिथल्या लोकांवरून, कुठे नदीवरून, कुठे एखाद्या राजावरून. पण युरोपच्या वरच्या टोकाला एक देश आहे, त्याचं नाव पडलं वाटेवरून. आणि ती वाटसुद्धा जमिनीवरची नव्हे, समुद्रातली! तो देश नॉर्वे. जुन्या नॉर्स भाषेत ‘नोर्द्’ म्हणजे उत्तर आणि ‘वेग्र’ म्हणजे वाट. नोर्द्‌वेग्र, उत्तरेची वाट. बहुतेक अभ्यासक नावाचा अर्थ असाच लावतात.

आता तुम्ही विचाराल, “आजोबा, समुद्र तर सगळा मोकळा. त्यात वाट कुठली आली?”

नकाशा उघडा आणि नॉर्वेचा पश्चिम किनारा नीट बघा. किनाऱ्यालगत बेटंच बेटं. काही गावं वसतील एवढी मोठी, बाकीची नुसती खडपं, ओहोटीला डोकं वर काढणारी. बेटांच्या बाहेर अटलांटिकचा खवळलेला महासागर, आणि बेटं व किनारा यांच्यामध्ये निवांत पाण्याची पट्टी. तीच ही वाट. खडकांच्या त्या रांगेला नॉर्वेची माणसं ‘शॅरगोर’ म्हणतात, खडकांचं कुंपण.

हे कुंपण बर्फाने घातलंय. हिमयुगात या भूमीवर किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो जागच्या जागी बसून राहत नाही बरं का! आपल्याच वजनाने तो इंचाइंचाने समुद्राकडे सरकतो, पोटात धोंडे घेऊन खालचा कातळ खरवडतो. त्यानेच दऱ्या खोल केल्या, त्यांत समुद्र शिरला आणि फ्योर्ड झाले. किनाऱ्यालगत मात्र एक सखल खडकाळ पट्टा उरला, थोडा पाण्यावर, थोडा पाण्याखाली. भूशास्त्रज्ञ हान्स रॉईश यांनी 1894 साली त्याला ‘स्ट्रँडफ्लॅट’ हे नाव दिलं. तो घडवताना बर्फाला लाटांनी मदत केली, आणि भेगांत शिरून गोठणाऱ्या, खडक फोडणाऱ्या पाण्यानेही. पाण्याखाली न बुडालेले त्याचे उंचवटे म्हणजेच ही बेटं.

खोल समुद्रातली लाट नुसती वरवरची नसते, तिची हालचाल बरीच खालपर्यंत पोचते. उथळ पाण्यात आली की तिचा पाय तळाला अडतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. काही बळ पहिल्या खडपावर जातं, काही दुसऱ्यावर. आतल्या होडीपर्यंत नुसता हेलकावा येतो. त्यात दक्षिणेकडून येणारा उबदार प्रवाह. त्यामुळे अगदी 71 अंश उत्तरेलासुद्धा इथलं पाणी हिवाळ्यात गोठत नाही. वाट बारा महिने चालू.

या वाटेची एक फार जुनी हकिकत आपल्याला मिळते. साधारण 890 च्या सुमाराला ओट्टार नावाचा उत्तरेकडचा एक सधन माणूस इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडकडे गेला. वॉलरसचे सुळे त्याने राजाला नजर केले आणि आपल्या प्रवासांची माहिती सांगितली. राजाच्या लेखनिकांनी ती उतरवून घेतली, म्हणून आज आपण ती वाचतो. ओट्टार म्हणतो, माझ्या घरून दक्षिणेच्या बाजारबंदराला जायचं, तर रात्री मुक्काम करत, रोज वारा अनुकूल असला तरी महिनाभरात पोचणं कठीण. आणि तेवढा वेळ डाव्या हाताला काय असतं? नोर्द्‌वेग! ज्या वाटेने जायचं तिचंच नाव शेजारच्या जमिनीला चिकटलेलं होतं.

वाट म्हटली की नाका आलाच. नैर्ऋत्येला कार्मसुंद नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिथे बसलं की ये-जा करणारं प्रत्येक गलबत नजरेखालून जातं. प्रवाह उलटा असला तर गलबतांना थांबावंच लागतं. नॉर्वेला एका सत्तेखाली आणणाऱ्या राजा हाराल्डचा एक वाडा तिथेच, आवाल्ड्सनेसला होता, असं जुन्या कथा सांगतात. मला तर वाटतं, त्या मुलखाला एक राजा मिळाला तो या वाटेमुळेच. डोंगर आणि फ्योर्ड यांनी तोडलेली माणसं दुसऱ्या कशाने जोडली असती?

पण कुंपणाला एक मोठं खिंडार आहे. स्टाड नावाचं भूशिर थेट महासागरात घुसलंय आणि तिथे आडोशाला बेटं नाहीत. वारा आणि लाटा एकदम अंगावर येतात. जुनी माणसं तिथे समुद्राशी झुंजत बसत नसत. होड्या पाण्याबाहेर काढून ती चक्क डोंगराच्या खिंडीतून पलीकडे ओढून नेत! डोंगर पोखरून जहाजांसाठी बोगदा काढावा, ही कल्पनाही एकोणिसाव्या शतकापासूनची आहे.

1893 साली कप्तान रिचर्ड विथ यांनी ‘वेस्टेरोलेन’ या आगबोटीने या वाटेवर टपाल आणि उतारू नेण्याची नियमित फेरी सुरू केली. हिवाळ्यात तिकडे सूर्य आठवडेच्या आठवडे उगवत नाही, दीपगृहं तेव्हा तुरळक. मग विथ आणि त्यांचे वाटाडे आंडर्स होल्टे यांनी होकायंत्राची दिशा आणि प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ वह्यांत टिपून ठेवला होता. त्या टिपणांवर भरवसा ठेवून ते अंधारात खडपांमधून बोट नेत. ती सेवा आजही बर्गेनपासून पार किर्केनेसपर्यंत चालते. खलाशी या आतल्या वाटेला ‘लेइया’ म्हणतात. ‘लेइयातून जाऊ की बाहेरून?’ एवढं विचारलं की तिथल्या कोणालाही कळतं, बोलणं खडकांच्या कुंपणाबद्दल चाललंय.