समाजकार्याचे शिक्षण : सभासदांच्या मुलामुलींसाठी एक वाट



आडसाली लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात आलेल्या एका सभासदाने जाता जाता आम्हांला विचारले, "पोरगी बारावी झाली. म्हणते, एम. एस. डब्ल्यू. करायचं. समाजसेवा चांगलीच हो, पण त्यात पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. वाटण्या होऊन दोन-अडीच एकरांवर आलेल्या घरात फी भरण्यापूर्वी बापाने हे विचारलेच पाहिजे. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर करू. शेजाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणे ही समाजसेवा. ती कुणीही करावी, पगाराविना करावी. समाजकार्य हा मात्र शिकून करायचा व्यवसाय आहे. दारूने बुडालेल्या घरी आपण जातो, चार शब्द सुनावतो नि परत येतो. शिकलेला कार्यकर्ता नवऱ्याशी वेगळे बोलतो, बायकोशी वेगळे बोलतो, उपचाराची सोय लावतो, कायद्याने काय मिळते ते सांगतो, नोंद ठेवतो आणि पुन्हा पुन्हा जातो. हे अंगी यायला शिक्षण लागते.

आपल्या देशात याची सुरुवात मुंबईच्या नागपाड्यातून झाली. तेथे १९२६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी वस्तीत राहून काम करणारे केंद्र काढले, आणि त्यातूनच पुढे १९३६ साली टाटा ट्रस्टच्या साहाय्याने समाजकार्याचे पहिले विद्यालय उघडले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे ग्रामीण केंद्र धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला आहे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. आणि लांब जायचे नसेल, तर मराठा विद्या प्रसारक समाजाचे समाजकार्य महाविद्यालय नाशिक शहरातच आहे.

वाट अशी : बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, बी. एस. डब्ल्यू. करता येते. कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचे एम. एस. डब्ल्यू. करता येते. म्हणजे मुलीने आधी बी. ए., बी. कॉम. वा बी. एस्सी. केली तरी दार बंद होत नाही. बऱ्याच जागांना एम. एस. डब्ल्यू. मागतात, तेव्हा पदवी व पदव्युत्तर अशी पाच वर्षांची तयारी धरूनच हिशेब करावा.

या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो, तर दवाखान्यात, झोपडपट्टीत, बालगृहात किंवा खेड्यात असतो. काय पाहिले, काय केले ते लिहून शिक्षकाला दाखवायचे असते. म्हणून कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. क्षेत्रकार्याला कुठे पाठवता, बरोबर मार्गदर्शक कोण असतो, आणि गेल्या वर्षीची मुले कुठे लागली, हे तीन प्रश्न तोंडावर विचारा. विद्यापीठाची मान्यता आणि शिष्यवृत्तीचीही चौकशी अर्ज भरण्याआधीच करा.

आता पोटाचे. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतो, कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतो, जिल्हा बाल संरक्षण कक्षात कर्मचारी असतात. पण कायम जागा थोड्या, आणि बऱ्याच नेमणुका कंत्राटी. संस्थांतली कामे प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. प्रकल्प संपला की नवे काम शोधावे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के हिस्सा समाजोपयोगी कामावर खर्च करणे भाग पडले, त्यामुळे ते काम सांभाळणारी माणसेही लागू लागली. सुरुवातीचा पगार इंजिनियरसारखा नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. चटकन पैसा हवा त्याने या वाटेला जाऊ नये.

एक जागा तर आपल्या दारातच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० च्या संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आणली. या पदाला समाजकार्याचे शिक्षण उपयोगी पडते.

आणि दर हंगामात आपल्या शिवारात कोप्या उभ्या राहतात, त्याही विसरू नका. कोयत्याबरोबर लहान मुले येतात, त्यांची गावाकडची शाळा अर्ध्यात सुटते. बाई बाळंत होऊन थोड्याच दिवसांत मोळी उचलते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे, पण तळावरून शाळेपर्यंत मुलाला पोचवणारे माणूस लागते. आपल्या उसाला ज्यांचा हात लागतो, त्यांच्यासाठी एवढे करणारी पोरगी आपल्याच घरातून निघाली, तर त्यात कमीपणा कसला?

म्हणून त्या सभासदाला आम्ही सांगितले : दादा, पोट भरतं, पण सावकाश. आडसालीसारखं आहे, धीर धरावा लागतो. आधी या दिवाळीच्या सुट्टीत पोरीला पंधरा दिवस एखाद्या संस्थेत काम करू द्या. दमून आली आणि तरी पुन्हा जाते म्हणाली, तर पुढच्या वर्षी बेलाशक फी भरा.