तेल पिणारी मोटार

जुनी मोटार पाहावयास गेलेला गृहस्थ तेल मोजण्याची पट्टी ओढतो आणि ती भरलेली दिसतांच निश्चिंत होतो. वास्तविक तें तेल त्याच सकाळीं ओतलेलें असूं शकतें. पट्टी आजची पातळी सांगते, महिन्याचा खर्च सांगत नाहीं.

तेल जातें कोठें? पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा काजळीनें जखडल्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरील तेल नीट निपटलें जात नाहीं व तें पेट्रोलबरोबर जळतें. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सीलें ताठरलीं, म्हणजे तें वरून झिरपतें. धूर दोहोंचाही निळसर. वेळ मात्र निराळी. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होतांच एक लोट निघून विरला, तर संशय सीलांवर. चढावर जोर लावतांना धूर टिकला, तर रिंगांवर. तेव्हां विकणाऱ्यानें इंजिन आधींच तापवून ठेवलेलें आढळल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. पुणेकरांस खंडाळ्याचा घाट ही तर आयती परीक्षा. ॲक्सिलरेटर सोडून, गाडी गिअरमध्यें ठेवून उतरतांना इंजिन तेल आंत ओढून घेतें. पायथ्याशीं पाय दाबतांच आरशांत पाहावें.

पीयूसीच्या कागदावर भिस्त नको. तो तेलाचा हिशेब ठेवीत नाहीं. शिवाय नव्या गाड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर लपवितो.

सीलें बदलणें तुलनेनें स्वस्त. रिंगांसाठीं इंजिन खोलावें लागतें. कांहीं कारखान्यांच्या पुस्तिका १,००० किलोमीटरला अर्धा लिटर तेल क्षम्य मानतात! १०,००० किलोमीटरपर्यंत बॉनेट न उघडणाऱ्या कुटुंबाच्या गाडींत ४ लिटर तेल मावत असेल, तर त्या हिशेबानें तें वाटेंतच संपेल.