पान उलटून बघणाऱ्यांची सूची

लोधीखेड्याच्या बागेत संत्र्याची पानं काजळी धरल्यासारखी काळी पडली की बागवाला एकच शब्द उच्चारतो : कोळशी. मध्य प्रदेशाच्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पण या कोळशीवरचं संशोधन शोधायला बसलं की हा शब्द हाती लागत नाही. इंग्रजी निबंधात 'सिट्रस ब्लॅकफ्लाय' असतं, कधी किडीचं लॅटिन नाव, कधी नुसतं 'सूटी मोल्ड'. हिंदी पत्रकात 'काली मक्खी' असते. आमच्याकडं बाग मराठीत बोलते, सरकारी कागद हिंदीत येतो आणि संशोधन इंग्रजीत छापलं जातं.

या सगळ्या नावांना एका खणात आणणं म्हणजे निर्देशन. निबंध वाचायचा, तो नेमका कशाबद्दल आहे ते ठरवायचं आणि शोधणारा ज्या शब्दानं येईल त्या शब्दाखाली त्याची नोंद ठेवायची. काम ग्रंथालयाचं वाटतं, पण शेतीच्या बाबतीत ते ग्रंथपाल नसलेल्यांनाही शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कोळशीचंच बघा. काळ्या माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात आणि साखरेसारखा चिकट द्रव टाकतात. तो खालच्या पानांवर, फळांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ज्यानं बाग पाहिली नाही तो कोळशीवरच्या निबंधाची नोंद 'बुरशीजन्य रोग' या शब्दाखाली टाकून मोकळा होईल. मग शोधणाऱ्याला बुरशीनाशकांचे निबंध मिळतील आणि माशी तशीच राहील. बागेत वाढलेला माणूस आधी पान उलटून बघतो. नोंद करताना तो कीड आणि बुरशी, दोन्हीकडं बोट दाखवील.

ताणाचंही तसंच. बहार धरण्यासाठी आपण बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो आणि वेळ आली की ताण सोडतो. इंग्रजी निबंधात याला 'वॉटर स्ट्रेस' म्हटलेलं असतं. नवखा सूचीकार ते वाचून 'दुष्काळ' लिहितो. शेतकऱ्यानं मुद्दाम केलेली मशागत अशी संकटात जमा होते. बहाराचं नावही नोंदीत हवंच. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार जून-जुलैत. बहार कळला नाही तर फवारणीची तारीख वाचून काय करायचं?

ग्रंथालयशास्त्राचा पाया आपल्याकडं ज्यांनी घातला ते एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ग्रंथालयाचं शिक्षण त्यानंतर लंडनला जाऊन घेतलं. 1933 साली त्यांचं कोलन वर्गीकरण छापून आलं. त्यात शेतीला 'जे' हे अक्षर आहे. पुढं 1962 साली त्यांनी बंगळूरला प्रलेखनाचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्र सुरू केलं. विषय सोडवण्याची त्यांची रीत शेतीवाल्याला चटकन उमगते. पीक कोणतं, झाडाचा भाग कोणता, झालं काय, उपाय काय केला, कुठं आणि कधी? शेजारच्या बागेत गेल्यावर आपण हेच तर विचारतो.

जगाच्या पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 1974 साली 'ॲग्रिस' ही शेती-संशोधनाची सूची उभारली. रोमच्या मुख्यालयात बसून साऱ्या जगाचं संशोधन नोंदवता येणार नाही. ज्या देशात ते छापलं जातं त्यानंच ते नोंदवावं, हा त्यामागचा विचार. मग प्रत्येक देशात नोंदी करणारे हात लागले आणि त्या हातांना शिकवणं आलं. शब्द सगळीकडं एकच राहावेत म्हणून 1980च्या दशकात 'ॲग्रोव्हॉक' हा संज्ञाकोश आला. आज त्यात चाळीस हजारांहून जास्त संकल्पना आहेत आणि हिंदीही आहे. प्रत्येक संज्ञेच्या वरची व्यापक संज्ञा, खालची नेमकी संज्ञा आणि नात्यातली संज्ञा त्यात दिलेली असते. एवढं वापरायला शिकवलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं शिस्तीचं : नुसतं शीर्षक वाचून शब्द लावायचा नाही, निष्कर्षापर्यंत जायचं, आज जो शब्द वापरला तोच उद्याही वापरायचा.

आमच्या भागात गावाचा पत्ता लिहितानाही जपावं लागतं. 1956 पर्यंत नागपूर आधी सेंट्रल प्रॉव्हिन्सेसची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, म्हणून संत्र्यावरचे जुने अहवाल 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'च्या नावावर आहेत. त्यानंतर नागपूर आणि सौंसरच्या मधून राज्याची हद्द गेली. सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात राहिलं आणि 2023 साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. संत्र्याचं झाड मात्र दोन्हीकडं तेच. त्याच्यावरचं संशोधन नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संस्थेत होतं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होतं, जबलपूरच्याही. नुसतं 'पांढुर्णा' टाकून शोधणाऱ्याला छिंदवाड्याच्या नावावरचं सगळं जुनं काम गमवावं लागेल. म्हणून नोंदीत 'हेही पाहा' लिहून जुनी नावं जोडायची.

रोपवाटिकेत हात मळलेला पोरगा, कृषी पदविका झालेली मुलगी, कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले काका, यांना सूचीची सूत्रं पंधरवड्यात शिकवता येतील. डिंक्या रोग लागलेल्या खोडाचा ओघळ ओळखणं मात्र पंधरवड्यात शिकवता येत नाही, आणि ते यांच्यापाशी आधीच आहे.

कोशातल्या ठरलेल्या संज्ञा लिहून झाल्या की नोंदीत मोकळ्या शब्दांसाठी जागा ठेवता येते. तिथं देवनागरीत लिहायचं : कोळशी, डिंक्या, ताण, आंबिया बहार.