गळावा म्हणून बांधलेला तलाव

असा कोणता तलाव असतो, जो दिवाळीनंतर भराभर आटत गेला की गावकरी खूश होतात?

विचार करा बरं. धरण बांधताना तर इंजिनिअर डोळ्यांत तेल घालून बघतात, की तळातून पाणी निसटू नये. पण महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात हजारो तलाव असे आहेत, की त्यांची जागा निवडतानाच बघितलं जातं, तळ चांगला पाझरेल ना? त्यांचं नावच पाझर तलाव! बांध भक्कम, पण तळ झिरपणारा. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी इथे अडतं आणि हळूहळू जमिनीत उतरतं. मग खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढतं. तलाव कोरडा दिसतो, पण त्याचं पाणी शेजारच्या विहिरीत पोचलेलं असतं.

आणि तलाव उन्हाळ्यापर्यंत तुडुंब राहिला तर? तर समजायचं, काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा गाळ साचलेला असतो. पावसाबरोबर वाहत येणारी बारीक माती तळाशी बसते आणि खडकाच्या भेगा लिंपून टाकते. पाणी खाली जाऊ शकत नाही, मग कडक उन्हात त्याची वाफ होऊन जाते. म्हणून उन्हाळ्यात हा गाळ उपसायचा असतो. शेतकरी तो आपल्या रानात पसरतात, कारण तीच तर सुपीक माती!

तुमच्या आजी-पणजीला 1972चा दुष्काळ नक्की आठवत असेल. विचारा त्यांना. दुष्काळी कामांवर लाखो माणसांनी माती खणली, डोक्यावरून पाट्या वाहिल्या आणि मुलांना तिथे सुकडी खायला मिळाली. आजचे कितीतरी पाझर तलाव त्या हातांनी उभे केलेले आहेत. त्यात गाळ भरलेला दिसला की मला फार वाईट वाटतं.

आता खरी गंमत. मुरलेलं पाणी जातं कुठे? जमिनीखाली काही तळं नसतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्ट या काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला. असे थरांवर थर साचले. थिजताना लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे वर आले आणि थराच्या वरच्या भागात भोकंच भोकं राहिली, अगदी जाळीदार आंबोळीसारखी! त्या जाळीत, खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात पाणी साठतं. थराचा मधला भाग घट्ट असतो. तिथे भेग नसेल, तर पाण्याला वाट नाही. म्हणूनच दोन शेजारच्या विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी, असं आपल्याकडे घडतं.

अशा घट्ट खडकाच्या प्रदेशात पावसाच्या शंभर थेंबांपैकी साधारण दहाच आपणहून भूजलापर्यंत पोचतात. का? तर पाणी उतारावरून धूम पळतं. मुरायला त्याला सवडच मिळत नाही! गावोगावी पाणलोटाचं काम करणारी माणसं म्हणतात, पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा आणि थांबलेल्याला जिरवा. त्यासाठी काम माथ्यापासून सुरू करायचं. डोंगरउतारावर एका पातळीत आडवे चर खणायचे, म्हणजे समतल चर. पातळी ओळखायची कशी? लांब पारदर्शक नळीत पाणी भरायचं. दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर उभं राहतं, त्यावरून दोन ठिकाणं एका पातळीत आहेत का ते कळतं. मग खाली ओढ्यात दगडी बांध, मातीचे नालाबांध आणि पाझर तलाव.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे करून दाखवलं. तिथे वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस पडतो. पोटासाठी माणसं गाव सोडून जात होती. 1989मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काळात गावाने श्रमदान करून चर खणले, झाडं लावली, बांध घातले. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं पुढचं पाऊल. हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. यंदा पाऊस किती झाला, पाणी किती आहे? आधी माणसांना आणि गुराढोरांना प्यायला, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं लावायची नाहीत, हे गावाने स्वतःच ठरवलं. नाहीतर एकाने जिरवायचं आणि दुसऱ्याने खोल बोअर मारून उपसायचं, यात विहिरी भरणार कशा?

हिशेब तुम्हालाही जमेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. म्हणजे 400 मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर 40 लाख लिटर पाणी पडतं! दुष्काळी म्हणवणाऱ्या गावातसुद्धा!

यंदा पावसाळ्यात सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं एक भांडं उघड्यावर ठेवा. रोज सकाळी त्यातलं पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. शाळेच्या छपराचं क्षेत्रफळ काढून तिथे किती लिटर पाणी पडलं, तेही मांडा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन जवळच्या विहिरीची पातळी दिवाळीत आणि पुन्हा मे महिन्यात नोंदवा. एकट्याने काठावर जायचं नाही. आणि ती वही ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत मोठ्यांना जरूर दाखवा.