एकटं झाड, पांढरं रान आणि काही पक्के गैरसमज

जपानच्या होक्काइडो बेटावर बिएई नावाचं शेतीवाडीचं गाव आहे. तिथल्या एका उतारावरच्या शेतात स्प्रूसचं एक झाड उभं आहे. शेंडा चांदणी लावल्यासारखा दिसतो म्हणून सगळे त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. खाली पांढरं, वर पांढरं आणि मधे हे एवढंसं काळं झाड, असा हिवाळी फोटो कुठल्या तरी कॅलेंडरवर नाहीतर कुणाच्या तरी मोबाइलवर आपण पाहिलेला असतो. बघून वाटतं, काढणारा कोसभर बर्फ तुडवत एकटाच गेला असणार. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि शेजाऱ्याचं कोपर त्याला लागत असतं. हिवाळ्यात तिथे पर्यटकांच्या बसगाड्या येतात.

म्हणजे पहिला गैरसमज हाच, की असं झाड 'सापडावं' लागतं. सापडतं ते नुसतं झाड. त्याचं एकटेपण फोटो काढणाऱ्याला करावं लागतं, आणि ते काम मुख्यतः पायांचं आहे. मागे विजेचे खांब असतात, एखादं कोठार असतं, टेकडीच्या कडेला जंगलाची काळी रेघ असते. यातलं काय फ्रेमबाहेर जाईल हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. दहा पावलं डावीकडे सरकलं की खांब खोडामागे लपतो. जरा खाली बसलं की जवळचं झाड दूरच्या जंगलाच्या रेघेपेक्षा वर चढतं आणि त्याचा शेंडा आकाशावर मोकळा दिसायला लागतो. नुसतं गुडघ्यावर बसून फोटो सुधारतो हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण क्षितिजाची रेघ झाडाच्या माथ्यातून आरपार जाते की त्याच्या बुंध्याशी थांबते, एवढ्या फरकावर कितीतरी फोटो बिघडतात.

याला जोडूनच दुसरा समज येतो: निसर्गचित्र म्हटलं की वाइड लेन्स हवी. बर्फाच्या रानात वाइड लेन्स लावली की झाडाची काडी होते आणि ज्या रिकाम्या जागेसाठी आपण आलो तिच्यात रस्ता, कुंपण, लोकांची पावलं असं सगळं भरतं. अशा झाडासाठी बरेच जण 70 ते 200 मिलिमीटरची लेन्स घेऊन लांब उभे राहतात. टेलि लेन्स 'अंतर दाबते' असंही म्हटलं जातं. ते तितकंसं खरं नाही. एकाच जागेवरून दोन्ही लेन्सनी काढा आणि वाइडच्या फोटोचा मधला तुकडा कापून घ्या. झाड आणि मागची टेकडी यांचं नातं दोन्हीकडे तेच निघेल. ते नातं अंतरावर ठरतं, लेन्स फक्त किती भाग दिसणार ते ठरवते. म्हणून आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा, मग लेन्स लावा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आता 'रूल ऑफ थर्ड्स'. झाड मधोमध आलं तर फोटो चुकला असं मानणारे पुष्कळ आहेत. हा नियम पहिल्यांदा या नावाने मांडला तो जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, 1797 मध्ये, ग्रामीण दृश्यांवरच्या आपल्या पुस्तकात. टिकलेला पहिला फोटो निघायला तेव्हा अजून तीसेक वर्षं होती. स्मिथला म्हणायचं होतं ते साधारण असं, की दोन सारख्या भागांपेक्षा एक मोठा, एक लहान असे भाग बरे दिसतात. सल्ला चांगलाच आहे. बर्फाच्या रानात मात्र पुष्कळदा क्षितिजच नसतं. आभाळ आणि जमीन एकाच पांढऱ्यात मिसळलेली असतात, मग एक तृतीयांश कशाचा काढणार?

तिथे माझ्या मते झाडाच्या अंगलटीला विचारावं. स्प्रूससारखं सरळ, दोन्ही बाजूंनी सारखं झाड मधोमध खुशाल ठेवा, चौकोनी फ्रेममध्ये तर ते शोभतंच. मायकेल केन्ना या ब्रिटिश छायाचित्रकाराने 2002 पासून होक्काइडोच्या हिवाळ्याचे जे कृष्णधवल फोटो काढले ते चौकोनीच आहेत. कुश्शारो तलावाच्या काठावरच्या एका झाडाकडे तो वारंवार गेला. ते झाड 2009 मध्ये तोडलं गेलं. झाड एका बाजूला झुकलेलं असेल तर ज्या दिशेला झुकलंय तिकडे जागा सोडावी, नाहीतर ते चौकटीवर आपटल्यासारखं दिसतं. आणि आकार? बिचकू नका, लहान ठेवा. फ्रेमच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढं झाडही पुरतं. विषय रिकामी जागा आहे, झाड तिचं माप सांगायला उभं आहे.

चौथा गैरसमज सगळ्यात जास्त फोटो खातो: 'कॅमेरा महाग आहे, एक्स्पोजर त्याला कळतं.' कळत नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. ही छटा म्हणजे ढोबळमानाने 18 टक्के प्रकाश परतवणारा पृष्ठभाग. ताजा बर्फ प्रकाशाचा ऐंशी-नव्वद टक्के भाग परत फेकतो. मीटरला वाटतं, फार उजेड झाला, आणि ते बर्फाला खाली ओढून करडं करतं. परदेशवारीच्या अल्बममध्ये बर्फ धुतल्या सिमेंटसारखा दिसतो तो याच कारणाने. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक ते अधिक दोन स्टॉपच्या दरम्यान न्यायचं. मोबाइलवर बर्फाला बोट लावून सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं. मग हिस्टोग्राम बघायचा. आलेख उजव्या भिंतीच्या जवळ हवा, भिंतीवर चढलेला नको. स्क्रीनवर भरवसा ठेवू नये, कारण बर्फाच्या लखलखाटात ती नेहमीच अंधारी वाटते.

अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास बसवलेली झोन सिस्टिम इथे अजून कामाला येते. तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या धरतात, मध्यम करडी छटा पाचव्या पायरीवर असते. पोत दिसणारा बर्फ सातव्या-आठव्या पायरीच्या आसपास बसतो. दहाव्या पायरीवर नुसता कोरा कागद. झाड काळं पडलं तर पडू द्या, त्याच्या फांद्यांची रेघ उठून दिसतेच. पोत गेलेला बर्फ मात्र रॉ फाइलमधूनही परत येत नाही.

सावल्या निळ्या आल्या की पुष्कळांना वाटतं व्हाइट बॅलन्स बिघडला. स्वच्छ दिवशी बर्फावरच्या सावलीला सूर्य दिसत नाही, तिला उजेड मिळतो तो निळ्या आभाळाचा. सावली खरोखरच निळी असते, आपला मेंदू ती पांढरी करून दाखवतो. थोडा निळेपणा कमी करायला हरकत नाही. सगळा घासून काढला तर उन्हातला बर्फ पिवळट पडतो आणि थंडी निघून जाते.

'फोटो फक्त सूर्योदय-सूर्यास्तालाच' हा आपल्याकडून तिकडे नेलेला समज आहे. डिसेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या दिवशी भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो. बिएईत त्याच दुपारी जेमतेम 23. म्हणजे दिवसभर ऊन तिरकं, सावल्या लांब, बर्फावरच्या लाटा उठून दिसणाऱ्या. आणि ढगाळ दिवस तर वाया घालवूच नये. आभाळ आणि जमीन यांची सीमा तेव्हाच पुसते. बर्फ पडत असेल तर शटरवर लक्ष ठेवा: 1/250 सेकंदाला पांढरे ठिपके येतात, 1/30 ला रेघा, आणि काही सेकंद उघडं ठेवलं तर कण नाहीसे होऊन नुसतं धुकं उरतं.

एक गैरसमज फोटोपुरता राहत नाही. 'हिवाळ्यात शेत रिकामंच असतं, दोन पावलं टाकली तर काय बिघडतं?' बिएईत शरद ऋतूत पेरलेला गहू त्या बर्फाखाली असतो. मोकळा बर्फ त्याचं पांघरूण आहे. तुडवला की तो घट्ट होतो, थंडी खाली पोचते आणि वसंतात तेवढाच पट्टा उशिरा वितळतो. बुटांच्या तळव्यांना चिकटून कीड-रोगही येतात, म्हणून शेतकरी चिडतात. तिथलाच एक झुकलेला पॉपलर 'तत्त्वज्ञाचं झाड' म्हणून नावाजलेला होता. फोटोसाठी शेतात घुसणाऱ्यांना कंटाळून मालकाने फेब्रुवारी 2016 मध्ये तो पाडून टाकला. जानेवारी 2025 मध्ये तिथल्याच 'सेव्हन स्टार्स' नावाच्या झाडाजवळची चाळीसेक बर्चची झाडं तोडली गेली. त्यांची सावली पिकावर पडते ही तक्रार होतीच, तिच्यात गर्दीची आणि रस्त्यात थांबणाऱ्या गाड्यांची भर पडली. रस्त्यावरून टेलि लेन्स लावा म्हणण्यामागे हेही कारण आहे. शिवाय शेतात गेलेला माणूस मागच्या सगळ्यांच्या फ्रेममध्ये पावलं सोडून येतो, त्याबद्दल त्याला मिळणारी बोलणी भाषा कळली नाही तरी कळतात.

राहता राहिली थंडी. शेजारच्या आसाहिकावा शहरात 25 जानेवारी 1902 ला उणे 41 अंश नोंदले गेले, जपानमधला आजवरचा अधिकृत नीचांक. एरवीही तिथली पहाट उणे पंधरा-वीसला जाते. अशा वेळी कॅमेरा 'मेला' म्हणून लोक घाबरतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते, एवढंच. जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. गार पडलेली बॅटरीही ऊब मिळाली की पुन्हा चालते. लेन्सवरचा बर्फ फुंकर मारून उडवू नका, श्वासातली वाफ काचेवर गोठते. त्याला ब्रश किंवा रबरी फुगा.

खरा धोका बाहेर नाही, हॉटेलच्या उबदार खोलीत आहे. थंडगार कॅमेरा तसाच आत नेला तर त्याच्यावर, कधी आतसुद्धा, दव धरतं. म्हणून दारात शिरण्याआधी तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि तासा-दोन तासांनी उघडायचं. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेर असतानाच काढून खिशात टाका.