'थिंग' : सभेची वस्तू कशी झाली

इंग्रजीतला 'थिंग' हा शब्द इतका सैल आहे की सुईपासून संकटापर्यंत काहीही त्यात मावते. जर्मन आणि डच भाषांत तो 'डिंग' होतो. स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये 'टिंग'. या सगळ्यांच्या मूळ शब्दाचा अर्थ मात्र चांगला नेमका होता. तंटे सोडवायला आणि कायदे ठरवायला ठरल्या वेळी उघड्यावर भरणारी स्वतंत्र पुरुषांची सभा म्हणजे 'थिंग'. सातव्या शतकात केंटच्या राजांनी केलेल्या इंग्रजी कायद्यांतही तो याच अर्थाने येतो.

या सभांपैकी सर्वांत नावाजलेली आइसलँडची 'आल्थिंग', म्हणजे सगळ्यांची सभा. ती इ.स. ९३० च्या सुमारास थिंगवेल्लिर या मैदानावर सुरू झाली. दर उन्हाळ्यात देशभरातून लोक तिथे येत, तंबू ठोकत. कायदे तेव्हा लिहिलेले नव्हते. 'कायदा सांगणारा' म्हणून निवडलेला माणूस एका खडकावरून दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणे. तीन वर्षांत सगळा पुरा होई. लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा हा निर्णयही इ.स. १००० च्या सुमारास इथेच झाला.

सभेची वस्तू झाली ती पायरीपायरीने. आधी सभा, मग सभेपुढे आलेला खटला, मग कुठलीही बाब, आणि शेवटी हाताने उचलता येईल अशी चीज. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. कोर्टातले 'प्रकरण' आणि एखादे अनोळखी यंत्र पाहून विचारलेले 'हे काय प्रकरण आहे?' यांत अंतर तेवढेच आहे. लॅटिनमध्येही खटल्याला 'काउसा' म्हणत. त्यातूनच इटालियन 'कोझा' आणि फ्रेंच 'शोझ' हे वस्तूवाचक शब्द निघाले.

जुना अर्थ सगळीकडे पुसला गेलेला नाही. नॉर्वेची संसद 'स्टोर्टिंग', डेन्मार्कची 'फोल्केटिंग'. स्वीडनमधले पहिल्या पायरीचे न्यायालय 'टिंग्सरेट', तर तातडीच्या सुनावणीला डच वकील 'कॉर्ट गेडिंग' म्हणतात. डॅनिशमध्ये तर लिंगावरून अर्थ बदलतो: 'एन टिंग' म्हणजे वस्तू, 'एट टिंग' म्हणजे सभा. स्कॉटलंडमधले डिंगवॉल आणि आयल ऑफ मॅनची संसद टिनवॉल्ड ही नावे नॉर्स लोकांच्या सभा-मैदानांवरून पडली. जर्मन मंगळवार 'दीन्सटाग' हाही बहुतेक अभ्यासक सभेचा रक्षक मानलेल्या देवाशी जोडतात.

इंग्रजीने सभेचा अर्थ टाकला, आइसलँडिकने तो आजही मुख्य ठेवला. तिथे साध्या वस्तूसाठी 'ह्लुतुर' हा वेगळाच शब्द वापरतात. मधल्या काळात १८०० मध्ये बरखास्त झालेली आल्थिंग १८४५ पासून पुन्हा भरू लागली, आणि आज ती रेक्याविकमध्ये देशाची संसद म्हणून काम करते.