प्रभुभोजन : एका प्याल्याचा प्रश्न

भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, यात एवढं काय आहे, असं मला विचारतात. भाकरी ख्रिस्ताचं शरीर कशी होते, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शतकानुशतकं भांडले. तो वाद आज बाजूला ठेवू. मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया', आपल्याकडे 'सहभागिता'.

करिंथच्या मंडळीत सधन लोक आधीच जेवून घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. पौल त्यांना लिहितो की हे प्रभूचं भोजन नव्हेच. म्हणजे बघा, चूक विधीत नव्हती, पंगतीत होती!

आता आपल्या जिल्ह्यात या. कोपरगावहून नगरला जाताना राहुरी लागते. तिथे काम केलेले ना. वा. टिळक जन्माने ब्राह्मण. १८९५ साली ख्रिस्ती झाले. इथले बहुतेक ख्रिस्ती मात्र महार-मांग समाजांतून आलेले. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याबरोबर एका भोजनाला बसायचं. सोपं नव्हतं हो. लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी सोवळं पाळलं. 'स्मृतिचित्रे'त स्वतःच सांगतात. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, सोवळं सुटल्यावर.

हल्ली बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत छोटे वेगवेगळे प्याले देतात, स्वच्छतेसाठी. माझी हरकत नाही. फक्त पौल समजावून सांगताना जरा अडचण होते.